वाऱ्याचे ठसे वाचणारा मेकॅनिकलवाला

कोल्ड्रिंकच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत पाऊणभर पाणी भरा, दुसरी तिच्यावर उलटी ठेवून तोंडाला तोंड लावा, मध्ये एक वॉशर बसवा आणि वरून इन्सुलेशन टेप गच्च गुंडाळा. आता सगळा प्रकार उलटा करून एक गोल गिरकी द्या. पाणी भोवरा करत खाली उतरतं आणि मधोमध हवेची लांबलचक सोंड दिसते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हे मॉडेल हमखास असतं आणि त्याच्यापुढे टोर्नाडो अशी पाटीही असते.

दिसायला झकास, पण त्यात एक गोची आहे. बाटलीतलं पाणी खाली जातं, कारण त्याला गुरुत्वाकर्षण ओढतं. खऱ्या टोर्नाडोत हवा फिरत फिरत वर जाते आणि तिला ओढणारा गडगडाटी ढग वर बसलेला असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात माळरानावर जी वावटळ उठते तीही टोर्नाडो नव्हे. वावटळ तापलेल्या जमिनीतून वर येते, तिला ढग लागत नाही, कागद-पाचोळा उडवते आणि दोन मिनिटांत विरते. टोर्नाडो ढगाला लटकलेला असतो आणि गावंच्या गावं पुसतो. अमेरिकेत तर तो नेहमीचाच, पण आपल्या शेजारी बांगलादेशातही २६ एप्रिल १९८९ रोजी दौलतपूर-साटुरिया भागात एका टोर्नाडोने अंदाजे १३०० माणसं मारली.

तर बाटलीच्या एक पायरी पुढे जाऊन खोक्याचं मॉडेल करून बघा. साधारण एक फूट लांब-रुंद आणि दोन-अडीच फूट उंच असं उभं खोकं. दोन बाजूंना पारदर्शक अॅक्रिलिक, उरलेल्या दोन बाजू काळ्या रंगवलेल्या. खरी गंमत कोपऱ्यांत आहे. प्रत्येक भिंत एका बाजूला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आखूड ठेवायची, म्हणजे चारही कोपऱ्यांत एकेक उभी फट राहते. चारही फटी एकाच हाताला हव्यात, एक जरी उलटी पडली तरी भोवरा बसत नाही. हवा भिंतीला घासून तिरकी आत शिरते आणि आपोआप गोल फिरायला लागते. वरच्या झाकणाला मधोमध भोक पाडून त्यावर जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा बसवायचा, हवा बाहेर फेकणारा. खाली धुक्याची सोय करायची. ड्राय आइस मिळाला तर उत्तम, नाहीतर उकळत्या पाण्याचं भांडं आणि सोबत धूप. पंख्याखाली स्ट्रॉचे तुकडे उभे जुळवून जाळी करून ठेवा, म्हणजे पंख्याचा स्वतःचा पीळ खाली उतरत नाही आणि दिसतो तो भोवरा खरोखर फटींचाच असतो.

आता थोडं एफएम. हवा मध्याकडे सरकते तसा तिचा कोनीय संवेग टिकून राहतो, म्हणून त्रिज्या कमी झाली की वेग वाढतो. १५ सेंटिमीटर त्रिज्येवर हवा सेकंदाला २० सेंटिमीटरने फिरत असेल तर ३ सेंटिमीटरवर ती साधारण १ मीटरने फिरेल. रँकाइन व्हॉर्टेक्सचं सूत्र लावलं तर मध्यभागी दाब किती उतरतो? घनता गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे जेमतेम १ पास्कल. खऱ्या टोर्नाडोत वेग सेकंदाला १०० मीटर धरला तर हाच आकडा १०,००० पास्कलच्या वर जातो, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा एक दशांश! २००३ साली साउथ डकोटातल्या मँचेस्टर गावाजवळ टोर्नाडोच्या वाटेत ठेवलेल्या उपकरणाने जवळपास इतकीच घट खरोखर नोंदवली. एवढा दाब उतरला की हवा थंड होऊन तिच्यातली वाफच धुकं बनते आणि सोंड दिसते. आपल्या खोक्यात १ पास्कलने असलं काही होत नाही, म्हणून धुकं बाहेरून पुरवावं लागतं.

असंच, पण पुष्कळ मोठं आणि नेटकं यंत्र शिकागो विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत होतं. खाली ड्राय आइसचं पांढरं धुकं, वर हवेला पीळ देऊन ओढून घेणारी यंत्रणा. त्याच्यापुढे बारीक चणीचे एक जपानी प्राध्यापक उभे राहत. जग त्यांना मिस्टर टोर्नाडो म्हणायचं. नाव टेत्सुया फुजिता. ढगांचा हा जगप्रसिद्ध तज्ज्ञ मुळात मेकॅनिकल इंजिनिअर होता, हे आमच्या मेकॅनिकलच्या पोरांनी कॉलर ताठ करून ऐकावं.

टेत्सुयाचा जन्म २३ ऑक्टोबर १९२० चा, जपानच्या क्यूशू बेटावरच्या सोने या गावातला. आज हा भाग किताक्यूशू शहरात मोडतो. वडील शिक्षक. पोराला हिरोशिमाच्या कॉलेजात जायचं होतं, पण वडिलांचा आग्रह पडला की जवळच्या मेइजी तंत्रमहाविद्यालयातच शीक. १९३९ च्या सुरुवातीला वडील गेले. त्यांची शेवटची इच्छा म्हणून टेत्सुयाने मेइजीत प्रवेश घेतला. अॅडमिशनच्या वेळी घरच्यांशी झालेली भांडणं आपल्यालाही काही नवीन नाहीत. पण या भांडणात बापाचं ऐकल्याने पोरगा जगला, असं पुढे खुद्द फुजितांनाच वाटत राहिलं.

१९४३ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच कॉलेजात त्यांना शिकवण्याची नोकरी लागली. कॉलेज तोबाता इथे. तिथून कोकुरा अगदी जवळ आणि कोकुराला मोठं शस्त्रागार. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेचं विमान दुसरा अणुबाँब घेऊन निघालं तेव्हा त्याचं पहिलं लक्ष्य नागासाकी नव्हतं, कोकुरा होतं. पण कोकुरावर ढग आणि धूर. विमानाने तीन फेऱ्या मारल्या, खालचं काही दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळलं. म्हणजे हिरोशिमातून फुजिता वडिलांच्या हट्टामुळे वाचले आणि कोकुरात आकाश नितळ नव्हतं म्हणून. ज्या माणसाने पुढे उभं आयुष्य ढगांचा हिशेब मांडण्यात घालवलं, त्याच्याबाबतीत असं व्हावं हा योगायोग मला तरी थरकाप उडवणारा वाटतो. कारण इकडे जो ढग आडवा आला त्याची किंमत नागासाकीच्या हजारो लोकांनी मोजली.

काही आठवड्यांनी पाहणी करायला कॉलेजमधून काही जण नागासाकी आणि हिरोशिमाला गेले. त्यांत फुजिता होते. वय चोवीस. बाँब जमिनीपासून किती उंचीवर फुटला हे त्यांना काढायचं होतं. हातात उपकरण म्हणावं असं काही नाही. मग त्यांनी स्मशानातली फुलं ठेवायची बांबूची नळकांडी बघितली. जपानी लोक थडग्यापुढे अशी नळकांडी रोवतात. बांबू ज्या बाजूने बाँबला सामोरा होता तेवढीच बाजू करपली होती, मागची तशीच हिरवट. करपलेल्या भागाची दिशा आणि कोन मोजायचे, निरनिराळ्या जागांवरून रेषा मागे वाढवायच्या आणि त्या हवेत कुठे मिळतात ते बघायचं. उत्तर आलं जमिनीपासून सुमारे अर्धा किलोमीटर. ते बरोबर होतं. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण जे करतो तेच, फक्त मेलेल्या शहरात.

तिथे त्यांनी आणखी एक गोष्ट बघून ठेवली. स्फोटाच्या बरोबर खालची झाडं जळाली होती तरी उभी होती. लांबची झाडं मात्र मधून बाहेरच्या दिशेने आडवी झाली होती, चाकाच्या आऱ्यांसारखी. वरून आलेला दाब जमिनीवर आपटून चहूकडे पसरला की असा नमुना उमटतो. ही नक्षी त्यांच्या डोक्यात जवळजवळ तीस वर्षं पडून राहिली.

युद्ध संपल्यावर जपानात संशोधनाला पैसा नव्हता. फुजिता हवामानाकडे वळले, कारण आभाळ फुकट होतं. २४ ऑगस्ट १९४७ रोजी सेफुरी डोंगरावरच्या हवामान केंद्रात असताना एक वादळ त्यांच्या डोक्यावरून गेलं. त्यांनी आजूबाजूच्या केंद्रांच्या नोंदी गोळा केल्या. बॅरोग्राफच्या रेषेवर वादळ येताच नाकासारखा एक उंचवटा उठला होता. त्यावरून त्यांनी मांडणी केली की गडगडाटी ढगात हवा नुसती वर चढत नाही, गार झालेली जड हवा त्याच ढगातून खालीही कोसळते. तेव्हा तिकडच्या लोकांना हे फारसं पटलं नाही.

आता पुढचा प्रकार म्हणजे अस्सल सिनेमा. सेफुरीवर अमेरिकन लष्कराचं रडार केंद्र होतं. त्यांच्या कचऱ्यात फेकलेला एक शोधनिबंध कोणीतरी उचलला आणि तो फुजितांच्या हाती आला. लेखक शिकागो विद्यापीठाचे होरेस बायर्स. विषय गडगडाटी वादळं. बायर्स यांनी १९४६-४७ मध्ये विमानं, रडार, माणसं असा मोठा लवाजमा घेऊन अमेरिकेत याच विषयावर मोहीम केली होती. फुजितांनी आपले निबंध इंग्रजीत टाइप करून त्यांना पाठवून दिले. बायर्स चाट पडले. सरकारी पैशाने एवढं सैन्य लावून आपण जे शोधलं, ते या अनोळखी जपानी शिक्षकाने डोंगरावर बसून पेन्सिलीने काढलं होतं. त्यांनी बोलावणं धाडलं. १९५३ मध्ये तोक्यो विद्यापीठाची डॉक्टरेट पदरात पडली आणि त्याच वर्षी फुजिता शिकागोला पोहोचले. नागासाकीनंतर आठ वर्षांनी, बाँब टाकणाऱ्यांच्याच देशात. पुढे १९६८ मध्ये ते अमेरिकन नागरिक झाले आणि थिओडोर हे नाव जोडून घेतलं. मग सगळे टेड म्हणायला लागले.

२० जून १९५७. नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहरावर टोर्नाडो आला. माणसं गेली, शेकडो घरं मोडली. पण संध्याकाळचा उजेड होता, टोर्नाडो सावकाश चालत होता आणि फार्गोकरांनी धडाधड फोटो काढले. तिथल्या टीव्हीवरच्या हवामान सांगणाऱ्याने लोकांना आवाहन करून फोटो जमवले. फुजितांकडे सुमारे दोनशे फोटो आले, निरनिराळ्या कॅमेऱ्यांनी, निरनिराळ्या गल्ल्यांतून काढलेले. कोणत्याही फोटोवर धड वेळ नाही. फुजितांनी प्रत्यक्ष जाऊन फोटो कुठून काढला ती जागा शोधली, खांब आणि छपरं मोजली, कोन काढले, फोटो वेळेच्या क्रमाने लावले. दोन-अडीच वर्षं हे चाललं. एका टोर्नाडोचा जन्म ते मरण असा मिनिटामिनिटाचा हिशेब पहिल्यांदाच मांडला गेला. सोंड ज्यातून उतरते तो ढगाच्या तळाखाली लोंबणारा फिरता भाग, त्याला त्यांनी वॉल क्लाउड म्हटलं. हा शब्द आजही वादळामागे धावणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतो.

कॉम्प्युटरवर त्यांचा भरवसा नव्हता. नकाशे हाताने, रंगीत पेन्सिलींनी काढायचे. जर्नलच्या परीक्षकांशीही त्यांचं फार जमलं नाही, बरंचसं काम त्यांनी आपल्या प्रयोगशाळेच्या अहवालांतूनच छापलं. हे काही आदर्श म्हणून सांगत नाही. त्यामुळे पुढे वाद झाला तेव्हा विरोधकांना आयतं हत्यार मिळालं.

आता परत खोक्याकडे येऊ. पंखा चालू, धूर वर चढतोय, सोंड तयार. सगळे काचेतून सोंडेकडे बघतात. फुजितांनी बहुधा तळाकडे बघितलं असतं. तळावर काळा कागद ठेवून त्यावर किसलेला थर्मोकोल पातळ पसरा. निम्मा अॅक्रिलिकला जाऊन चिकटेल, त्याला इलाज नाही. पण उरलेल्यावर भोवरा जी रेघ ओढतो ती महत्त्वाची. खाली फळीला चाकं लावून कागद हळूहळू सरकवता आला तर आणखी मजा, कारण खरा टोर्नाडो एका जागी उभा राहत नाही.

११ एप्रिल १९६५ रोजी, पाम संडेला, अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत टोर्नाडोंची झुंड आली. फुजिता विमानातून हजारो मैल फिरून खालच्या शेतांचे फोटो घेत राहिले. मक्याच्या शेतांत वेटोळी उमटली होती, एकात एक अडकलेली. आधीपासूनची समजूत अशी की टोर्नाडोने एखादी जड वस्तू फरफटत नेली, तिचे हे ओरखडे. फुजितांच्या लोकांनी शेतात जाऊन बघितलं तर ओरखडा नव्हताच. मक्याच्या धाटांचा काही इंच उंचीचा बांध होता. म्हणजे वस्तू फरफटली नव्हती, हवेने कचरा ओढून एका रेषेत जमवला होता. मग त्यांनी मांडलं की मोठ्या टोर्नाडोच्या पोटात छोटे छोटे भोवरे असतात. ते मोठ्याच्या मध्याभोवती फिरतात आणि मोठा स्वतः पुढे चालतो.

फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये आपण सायक्लॉइड काढतो आणि परीक्षा झाली की विसरतो. ही वेटोळी त्याच घराण्यातली आहेत, नेमकं सांगायचं तर ट्रोकॉइड. समजा एकच उपभोवरा आहे. टोर्नाडो सेकंदाला २० मीटरने पुढे जातोय आणि दोन वेटोळ्यांत १०० मीटर अंतर आहे. म्हणजे एक फेरी ५ सेकंदांत. वेटोळ्याची त्रिज्या ५० मीटर असेल तर परीघ ३१४ मीटर आणि वेग सेकंदाला जवळपास ६३ मीटर. ताशी सव्वादोनशे किलोमीटर! कोणताही वायुवेगमापक जिथे टिकला नसता, तिथला वेग मक्याच्या धाटांवरून निघाला. आणि या उपभोवऱ्याची स्वतःभोवतीची गिरकी वेगळी, ती यात धरलेलीच नाही. म्हणूनच एका घराचा चुरा होतो आणि शेजारचं घर कौलं सोडून शाबूत राहतं. ११ मे १९७० ला टेक्सासमधल्या लबकला टोर्नाडो झाला तेव्हा मृत्यूंच्या जागा नकाशावर मांडल्या, तर बहुतेक जागा या उपभोवऱ्यांच्या वाटेवर पडल्या.

पुष्कळांना शंका होती. पण ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत नील वॉर्ड नावाच्या संशोधकाने वेगळ्या वाटेने जाऊन तेच दाखवलं. त्यांचं १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेलं मॉडेल म्हणजे आपल्या खोक्याचा थोरला भाऊ. वर पंखा, त्याच्याखाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी (स्ट्रॉची युक्ती हीच), खाली कडेने फिरणारा जाळीचा पडदा, जो आत येणाऱ्या हवेला पीळ देतो. पीळ कमी असला की एकच बारीक सोंड. पीळ वाढवत नेला की सोंड फुगते, मध्यभागी हवा उलटी खाली यायला लागते आणि शेवटी एका भोवऱ्याचे दोन, तीन होतात. आपल्या खोक्यात नुसता पंखा जोरात करून हे होत नाही, कारण पीळ आणि चढ दोन्ही सोबतच वाढतात. फटी अरुंद करून बघा. सोंड जाड होऊन डगमगायला लागेल. तिचे दोन भाग होतीलच याची मात्र हमी नाही, त्याला मोठं खोकं आणि चिकाटी लागते.

१९७१ मध्ये फुजितांनी आपली प्रसिद्ध मोजपट्टी दिली, एफ-स्केल. यातला एफ म्हणजे फुजिता. ब्यूफोर्टच्या वारा-मापनाची शेवटची पायरी १२ हीच एफ-१ ची सुरुवात धरली आणि माक-१ म्हणजे ध्वनीचा वेग हा एफ-१२. मधल्या पायऱ्या आखल्या आणि प्रत्यक्षात एफ-५ पर्यंतच वापरल्या. खुबी अशी की वारा मोजायचाच नाही. पडझड बघायची आणि वेग ठरवायचा. धुराडं पडलं, छप्पर गेलं, भिंती गेल्या, की पक्कं घर पायापासून साफ उडालं? पुन्हा बांबूची नळकांडीच.

३ आणि ४ एप्रिल १९७४ च्या चोवीस तासांत अमेरिकेत १४८ टोर्नाडो झाले, तीनशेहून अधिक माणसं गेली. फुजितांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सगळे एका नकाशावर उतरवले. याच पाहणीत वेस्ट व्हर्जिनियातल्या बेकलीजवळ विमानातून खाली बघताना त्यांना जंगलात आडवी झालेली झाडं दिसली. वेटोळी नव्हती. मधून बाहेर, चहूकडे, चाकाच्या आऱ्यांसारखी. ही नक्षी त्यांनी आधी एकदाच पाहिली होती, १९४५ मध्ये.

इथे तर कुठला बाँब पडला नव्हता. मग वरून काय कोसळलं? फुजितांचं उत्तर होतं, हवाच. सेफुरीच्या डोंगरावर सापडलेली ती खाली येणारी गार हवा, पण एखाद्या ठिकाणी एवढ्या जोरात आणि एवढ्या अरुंद पट्ट्यात की जमिनीवर आपटून स्फोटासारखी पसरावी.

पुढच्याच वर्षी याची गाठ माणसांच्या जिवाशी पडली. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न कंपनीचं बोइंग ७२७ धावपट्टीच्या अलीकडेच आपटलं. ११३ जण गेले. वादळी हवेत वैमानिकाचा अंदाज चुकला असेल, असंच कोणालाही वाटावं. पण त्याच्या आधी त्याच धावपट्टीवर विमानं उतरली होती, काहींना झटके बसले, काहींना काहीच नाही. फुजितांनी त्या सगळ्या विमानांच्या नोंदी घेऊन पुन्हा पेन्सिल उचलली आणि वादळाचा नकाशा काढला. विमान कोसळत्या हवेच्या जवळ येतं तेव्हा आधी समोरून वारा लागतो, पंखांना उचल मिळते आणि वैमानिक विमान सावरायला शक्ती कमी करतो. दुसऱ्या क्षणी वरून खाली दाबणारी हवा. तिसऱ्या क्षणी पाठीमागून वारा, म्हणजे पंखांवरचा वेगच गेला. उंची असेल तर निभावतं. उतरताना उंची नसते. या प्रकाराला त्यांनी डाउनबर्स्ट म्हटलं आणि चार किलोमीटरच्या आतला असेल तर मायक्रोबर्स्ट.

हवामानशास्त्रातल्या बऱ्याच मंडळींनी हे उडवून लावलं. ढगातून हवा खाली येते हे मान्य, पण जमिनीजवळ येईपर्यंत तिचा जोर ओसरणारच, असं त्यांचं म्हणणं. फुजितांनी जुन्याच गोष्टीला नवं नाव दिलंय, अशीही टीका झाली. ती अगदीच बिनबुडाची होती असं नाही, कारण पुरावा झाडांचा आणि नकाशांचा होता, मोजमापाचा नव्हता. तेव्हा मोजायलाच जायचं ठरलं. १९७८ मध्ये शिकागोजवळ डॉप्लर रडार लावून बसले आणि मायक्रोबर्स्ट पकडला. एक नाही, सहा आठवड्यांत पन्नासच्या आसपास. १९८२ मध्ये डेन्व्हरला दुसरी मोहीम झाली, तीन महिन्यांपेक्षा कमी काळात शंभराहून पुष्कळ जास्त. जी गोष्ट नाहीच असं म्हणत होते ती जवळजवळ रोजची निघाली. त्या दरम्यानही विमानं पडतच होती. २ ऑगस्ट १९८५ ला डॅलसला डेल्टा कंपनीचं विमान मायक्रोबर्स्टमध्ये सापडून १३७ जण दगावले. त्यानंतर मात्र विमानतळांवर डॉप्लर रडार, विमानात आगाऊ इशारा देणारी यंत्रणा, वैमानिकांना सिम्युलेटरवर याचं खास प्रशिक्षण, हे सगळं वेगाने आलं.

खोक्यावर हेही करून बघता येतं. फटी कागदाच्या पट्ट्यांनी निम्म्या झाका, पंखा उलटा करून हवा आत ढकला आणि वरून थोडा धूर सोडा. सोंड गायब. धूर सरळ खाली येतो, तळावर आपटतो आणि थर्मोकोल मधून बाहेर ढकलला जातो. याहून देखणं हवं असेल तर फिश टँकमध्ये साधं पाणी भरून त्यात शाई घातलेलं दाट मिठाचं पाणी वरून एकदम सोडा. जड पाणी खाली आदळतं आणि पसरताना कडेला आत वळणारी एक रिंग तयार होते. विमानांना नडते ती मुख्यतः या रिंगेच्या आसपासची हवा.

एक गोष्ट सांगायची राहिली. एवढं करून फुजितांनी स्वतःच्या डोळ्यांनी टोर्नाडो बघितला नव्हता. शेकडो टोर्नाडोंच्या वाटा त्यांनी तुडवल्या, पण नेहमी दुसऱ्या दिवशी. प्रयोगशाळेतल्या ड्राय आइसच्या सोंडेशिवाय जिवंत काही नशिबात नाही, असंच दिसत होतं. शेवटी १२ जून १९८२ रोजी, डेन्व्हरच्या त्या मायक्रोबर्स्टच्या मोहिमेवर असताना, लांब क्षितिजावर एक खरा टोर्नाडो उतरला. वय एकसष्ट. त्या वेळी काढलेला त्यांचा फोटो आहे. त्यात ते वाढदिवसाच्या पोरासारखे खुशीत दिसतात.

१९९० मध्ये ते निवृत्त झाले. पुढे आजारपण आलं. तेव्हा स्वतःच्या दुखण्याचेही तक्ते आणि आलेख काढत बसायचे म्हणे. १९ नोव्हेंबर १९९८ रोजी शिकागोत त्यांचं निधन झालं.

त्यांच्या मोजपट्टीतले वरचे वेग जास्तच धरले गेले होते, हे पुढे घरांच्या बांधकामाचा बारकाईने अभ्यास झाल्यावर स्पष्ट झालं. एफ-५ ची सुरुवात ताशी सुमारे ४२० किलोमीटरला होती. पण नीट न बांधलेलं घर त्याहून बऱ्याच कमी वाऱ्यालाही उडतं. फेब्रुवारी २००७ पासून अमेरिकेत सुधारित पट्टी आली. तिच्यात पाचवी पायरी ताशी सुमारे ३२२ किलोमीटरच्या पुढे सुरू होते. आकडे बदलले, पद्धत तीच राहिली आणि ईएफ या नव्या नावात त्यांचा एफही राहिला.

२० जून २०२५ रोजी, फार्गोच्या टोर्नाडोला बरोबर ६८ वर्षं झाली त्याच तारखेला, त्याच नॉर्थ डकोटात, फार्गोपासून फार लांब नसलेल्या एंडर्लिन गावाजवळ टोर्नाडो झाला. आधी त्याला ईएफ-३ ठरवलं होतं. मग इंजिनिअर मंडळींनी रुळावरून उडालेले मालगाडीचे डबे बघितले. एक रिकामा टँकर तर शंभर मीटरहून लांब जाऊन पडला होता. त्याचं वजन, आकार आणि अंतर यांवरून उलटा हिशेब मांडला आणि ऑक्टोबरमध्ये तो टोर्नाडो ईएफ-५ जाहीर झाला. २०१३ नंतरचा पहिलाच.